वर्गणीची गिटार

(१९८८ च्या दहावीच्या बॅचच्या मिरज येथील स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘छंद आणि आयुष्य’ असा विषय दिला. व्हॉट्सॲपच्या निरोपात पुढे लिहिलं होतं, ‘प्रेरणादायी असावं.’ माझ्या आधी बोललेला आपला मित्र सायकलवरून कन्याकुमारीला जाऊन आला. त्याच्या आधीच्या मैत्रिणीने माळरानावर झाडं लावली आणि ती जगवली. माझा छंद बेस गिटार वाजवण्याचा आहे, असं तुम्ही सगळे समजता. आज खरं सांगतो. माझा छंद बेस गिटारी विकत घेण्याचा आहे. वाजवणं मध्ये मध्ये होतं.

शिवाय एक गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवली आहे. ती सांगितल्यावर जेवणाच्या पंगतीत मला जागा द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

१९८७ चा डिसेंबर. दहावीचं शेवटचं स्नेहसंमेलन. ‘अ’ तुकडीने नाटक बसवलं होतं, म्हणून आपण ‘ब’ तुकडीने ठरवलं, ऑर्केस्ट्रा करायचा. त्या काळी सांगली-कोल्हापूर भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे काय प्रकरण होतं, ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. गणपतीत, जत्रेत, उरुसात ऑर्केस्ट्रा यायचे. गाणारे पुढे. मागे अंधारात झगमगीत कोट घातलेला एक माणूस उभा असायचा, लांब मानेची चार तारांची गिटार गळ्यात, चेहऱ्यावर काही नाही. तो काय वाजवतो ते कानाला वेगळं कळायचं नाही, पण आपली लोखंडी खुर्ची हलायची. पंचमदांच्या गाण्यांत ही बेस गिटार टोनी वाझ वाजवायचे, हे नाव मला फार पुढे समजलं. तेव्हा एवढंच समजत होतं की तो माणूस नसला तर गाणं पत्र्याचं होतं.

आपल्याकडे पेटी होती, बोंगो होते, कुणाच्या तरी भावाची साधी गिटार होती. बेस नव्हता. सांगलीचा एक ऑर्केस्ट्रावाला कलकत्त्याच्या बनावटीची लाल रंगाची बेस गिटार सहाशे रुपयांना द्यायला तयार होता. वाजवणार कोण? मला गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, आणि वर्गात सगळ्यांत उंच मी होतो. निवड झाली.

मग वर्गणी. आपल्या वर्गाची खजिनदार त्या पहिल्या बाकावर बसली आहे. तिने चाळीस पानी वहीत नावं लिहिली. ४१ जण. कुणी पंचवीस दिले, कुणी दहा, कुणी दोन. दोन रुपये कुणी दिले ते मी वाचणार नाही, तो आज मोठा बिल्डर आहे. एकाने दहा रुपये दिले, आणि ते त्याने मिरज जंक्शनवर पहाटे पेपर विकून मिळवलेले होते. ५८७ रुपये जमले. ड्रॉइंगच्या सरांनी ५० घातले. ६०० ची गिटार, आणि उरलेल्या ३७ रुपयांत सांगलीची एस.टी. आणि भजी. गिटार आली त्याच दिवशी आपण तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला कर्कटकाने ‘१० ब’ कोरलं. ‘ब’ ची गाठ नीट आली नाही, तो ‘व’ सारखा दिसायचा.

स्नेहसंमेलनाची रात्र तुम्हाला आठवत असेल. मला तर फारच आठवते, कारण मी वाजवलेलं कुणाला ऐकूच आलं नाही. गिटार शाळेच्या ॲम्प्लिफायरला लावली होती, आणि त्याला स्पीकर म्हणून झेंडावंदनाचे दोन लोखंडी भोंगे. आता बघा, बेस गिटारीची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. साध्या गिटारीच्या जाड तारेच्या निम्मी, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. भोंगा असतो माणसाचं बोलणं लांब पोहोचवायला. इतक्या खालचं त्याच्यातून बाहेरच पडत नाही. त्यामुळे माझी बोटं हलताना दिसत होती आणि कपाटात उंदीर फिरावा तशी टकटक येत होती. कार्यक्रम झाल्यावर मराठीच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “छान उभा राहिलास हो.”

बाई, तुम्ही हे विसरला असाल. मी नाही विसरलो.

त्या रात्री घरी जाताना मला एकच कळलं, आपलं सामान कमी पडलं. आपण तीनच आठवडे शिकलो होतो, अर्धी गाणी चुकली होती, हे कारण मला सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर भोंग्याचं कारण खोटंही नव्हतं. पहिल्यांदा कारण खरं होतं, म्हणून पुढच्या पस्तीस वर्षांत प्रत्येक वेळी ते खरंच वाटत गेलं.

दहावी संपली. गिटार माझ्याकडे राहू दे असं ठरलं. “पुढे आपण भेटू तेव्हा घेऊन ये,” मॉनिटर म्हणाला होता.

मी पुण्याला गेलो, बँकेत लागलो, गणपतीत आणि लग्नाच्या हंगामात ऑर्केस्ट्रांत वाजवायला लागलो. १९९६ मध्ये पुण्यातल्या एका दुकानात कोरियन बनावटीची काळी बेस गिटार बघितली. साडेआठ हजार. माझा पगार पाच हजारांच्या आत. दुकानदार म्हणाला, जुनी काही असेल तर बदलीत घेतो. मी लाल गिटार नेली. त्याने उलटी केली, ‘१० ब’ वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “खराब केलीय, सातशे देतो.” मी दिली.

तर ती गोष्ट ही. तुमच्या वर्गणीची गिटार मी सातशे रुपयांना बदलीत घातली. तुमचे शंभर रुपये वाढले, हे समाधान मी त्या दिवशी स्वतःला दिलं होतं. निर्णयाला पाच मिनिटंही लागली नाहीत. वाईट वाटलं ते फार नंतर, आणि तेव्हा ते मला भलत्याच कामाला उपयोगी पडलं. तेही सांगतो.

काळी गिटार आली आणि दार उघडलं. या आजाराला इंग्रजीत नावसुद्धा आहे. स्टीली डॅन या अमेरिकन बँडच्या वॉल्टर बेकरने नव्वदच्या दशकात एका गिटार मासिकात चेष्टेने लिहिलं होतं, ‘गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम’. आद्याक्षरं जोडली की होतो गॅस. मी मोठ्या कौतुकाने हे घरी सांगितलं, तेव्हा हिने काही न बोलता ओव्याची बरणी पुढे केली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की माणूस हौसेने उधळतोय. तसं नसतं हो. प्रत्येक खरेदीला कारण असतं. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९६० मध्ये जॅझ बेस. आजही दुकानात टांगलेल्या बेस गिटारींत या दोघींची पिल्लंच जास्त दिसतात. पहिलीचा आवाज भरीव, एका गठ्ठ्यात येणारा. दुसरीची मान निमुळती, पिकअप दोन, आवाज जरा मोकळा. एक घेतली की काही गाण्यांना दुसरी हवी असं वाटतं, आणि ते चूक नसतं. दोन्ही झाल्या की लक्षात येतं, हल्लीच्या गाण्यांत अजून खालचे सूर असतात. मग पाच तारांची. मग बिनफ्रेटची, सरोदासारखी मींड काढता येते म्हणून. मग नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० इंच तारेची, कारण वय झालं, खांदा दुखतो. खांदा दुखतो तो ॲम्प उचलून. म्हणून मग हलका ॲम्प. जुना जड ॲम्प विकायचा होता, पण त्याच्यात व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्हचा आवाज काही वेगळाच. तो राहिला. मग पायाखालच्या पेट्या: एक आवाज सपाट ठेवायला, एक फाटका करायला, एक पाण्यात घातल्यासारखा करायला. त्या सगळ्या ठेवायला एक फळी, आणि फळीला पिशवी.

असं नाही की मला अक्कल नव्हती. मोटाउनच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांमागे जेम्स जेमर्सन नावाचा माणूस होता. त्याची पद्धत अशी की मुख्यतः १९६२ ची एक प्रिसिजन, उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. सगळं सामान एवढंच. हे मी १९९८ मध्ये वाचलं आणि भारावून गेलो. भारावून जाऊन काय केलं? तो वापरायचा तसल्या गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा परदेशातून येणाऱ्या एका ओळखीच्याकडून मागवल्या.

नव्या मालापेक्षा जुन्याचा नाद वाईट. नव्याला किंमत ठरलेली असते, आपण दुकानात जातो, घाबरतो, परत येतो. जुन्याची किंमत उतरवता येते, आणि उतरवली की आपण खर्च केला असं न वाटता कमावलं असं वाटतं. विकणारे भेटतात स्वारगेटला, हायवेच्या पेट्रोल पंपावर, कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. “लग्न ठरलंय”, “जर्मनीला चाललोय”, “घरात जागा नाही”. सोळा-सतरा वर्षांत एकही विकणारा मला असं म्हणाला नाही की, मला वाजवणं जमलं नाही. पुण्यात आमचं असं सात-आठ जणांचं मंडळच होतं. सगळे जण एकमेकांचा माल घ्यायचो. भिशीच म्हणा ना. एक निळी जपानी गिटार मी अठरा हजारांना विकली, ती तीन घरं फिरून दोन वर्षांनी परत माझ्याचकडे बावीस हजारांना आली. मी ती ओळखली. तरी घेतली. वर विकणाऱ्याला सांगितलं, “ही चांगली सांभाळलीय हां कुणीतरी.”

घरी काळी कव्हरं. काळ्या कव्हरात सगळ्या सारख्या दिसतात, एक आत आली आणि एक बाहेर गेली तर कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत. हिला वाटतं घरात तीन आहेत, असं मी धरून चाललो होतो. एका दिवाळीच्या साफसफाईत ती स्टुलावरून खाली बघत म्हणाली, “माळ्यावर सात, पलंगाखाली तीन, आणि दारामागची एक. यातली आज कुठली पुसायची?”

आणि या सगळ्याला मी देवाचं नाव दिलं होतं. म्हणजे तुमचं.

झालं असं की २००९ मध्ये सांगलीला एका लग्नात आपला पेपर विकणारा मित्र भेटला. आता रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहे. भेटल्या भेटल्या त्याने विचारलं, “आपली गिटार आहे नव्हं रे अजून?” मी म्हणालो, “आहे की.” तो एवढा खूश झाला की त्याने बायकोला बोलावून सांगितलं. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय आणि माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघतोय.

त्या रात्रीपासून मी जुन्या गिटारींच्या जाहिराती रोज बघायला लागलो. कारण काय, तर वर्गाची गिटार शोधायची. जॅको पास्टोरियस या थोर वादकाची १९६२ ची जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून चोरीला गेली होती आणि वीसेक वर्षांनी सापडली. न्यूयॉर्कात सापडते तर पुणे जिल्ह्यात का नाही? असा विचार करून मी शोधायला बसायचो. लाल, कलकत्त्याची, मागे खरवडलेली. ती कधी दिसली नाही. पण शोधता शोधता दुसरं काहीतरी दिसायचंच. पापाची टोचणी होती ना, ती मी अशी वापरली. हिने विचारलं की मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, “वर्गाची गिटार शोधतोय.” त्या शोधात मी पाच घेतल्या.

आता जे सांगणार आहे ते गमतीचं नाही.

वडील गेल्यावर २०१३ मध्ये आई मिरजेचं घर बंद करून आमच्याकडे आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातच्या धपाट्या खाल्ल्या आहेत. हळूहळू तिला ऐकू कमी येत गेलं. २०१५ च्या उन्हाळ्यात कान तपासले. दोन्ही कानांना यंत्रं लागतील, सत्तर हजार. मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. ती म्हणाली, बघ सवडीने, मला काय घाई आहे. आणि श्रावणात मी मुंबईच्या एकाकडून जुना ॲम्प आणि त्याचं मोठं खोकं घेतलं. बावन्न हजार. टेम्पोने आणलं. पैसे यंत्रांसाठी म्हणून बाजूला ठेवलेले होते असं नाही. कशासाठीच ठेवलेले नव्हते, म्हणून हात घालायला सोपं गेलं.

एका रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच. मी ॲम्प लावून हळू वाजवत होतो. आई आतून आली, खुर्ची ओढून खोक्याजवळ बसली, आणि तिने तळहात खोक्यावर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, “हे येतंय की रे मला ऐकू. तुम्ही बोलता ते नुसतं भांडी घासल्यासारखं येतं. हे नीट येतंय.”

म्हातारपणी कान जातो तो वरच्या बाजूने जातो. आधी बारीक आवाज जातात, बोलण्यातले स, श, फ, त जातात, म्हणून शब्द फुटतात. खालचे सूर बरेच दिवस टिकतात. हे मला डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. पण ती हात ठेवून बसली तेव्हा मी पुढे काय वाजवायचं ते विसरलो. १९८७ पासून मी वाजवत होतो. हजार तरी कार्यक्रम झाले असतील. खुर्ची ओढून, जवळ बसून, मी काय वाजवतोय ते ऐकणारं पहिलं माणूस ती होती. आणि मी काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं.

ॲम्प कितीला आणला ते तिने विचारलं नाही. यंत्रं मी पुढच्या आठवड्यात आणली. तुम्हाला वाटेल ॲम्प विकून आणली. नाही. कर्ज काढून आणली, ॲम्प ठेवला. यंत्रं लावल्यावर पहिल्या दिवशी तिने तक्रार केली की तुमच्या पंख्याचा फार आवाज येतो. सहा वर्षं वापरली तिने ती, अगदी २०२१ मध्ये जाईपर्यंत.

दोन वर्षांनी तिला घेऊन मिरजेला आलो होतो. गाडीत एक पाच तारांची गिटार होती, आदल्या दिवशी कोल्हापुरात घेतलेली. मोकळी तार छेडली की खरखर यायची. मी ठरवून टाकलं होतं, ही पुण्यात कुणाच्या तरी गळ्यात मारायची आणि दुसरी बघायची. खरखरीबद्दल बोलायचं नाही, हेही ठरलं होतं. संध्याकाळी सहज सतारमेकर गल्लीत गेलो. लहानपणी आपण तिथून शाळेत जायचो, भोपळे वाळत टाकलेले असायचे, आपल्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदा, २०२४ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानात एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा, परत छेडायची. मी अर्धा तास उभा होतो. तेवढ्या वेळात त्यांनी दुसरं काही केलं नाही. तंबोरा त्यांच्या आजोबांनी केलेला होता आणि जवारी बसली म्हणून परत आला होता. मी माझी गिटार दाखवली. त्यांनी आयुष्यात बेस गिटार हातात धरली नव्हती. तार छेडली, कान लावला, आणि हसले. म्हणाले, “साहेब, जे आम्ही दिवसभर बसून तारेत घालतो, ते तुम्हाला काढून पाहिजे होय?” मानेच्या टोकाला तारा ज्या खाचेत बसतात तिथे एक खाच खोल गेली होती. त्यांनी हाडाची बारीक चकती घासून खाली बसवली. खरखर गेली. दीडशे रुपये घेतले.

ती गिटार मी अजून विकलेली नाही.

लगेच सुधारलो असं समजू नका. सुधारलो ते लॉकडाऊनमध्ये, तेही सक्तीने. घरात अकरा गिटारी आणि मी. वेळ भरपूर. दोन महिन्यांनी लक्षात आलं की रोज मी एकच वाजवतोय. सर्वांत चांगली होती म्हणून नाही, दाराजवळ होती म्हणून. बाकीच्या काढायला स्टूल लागायचं. त्याच दिवसांत हिने माझ्या डायऱ्या घेऊन बेरीज केली. १९९६ पासून सात लाख ऐंशी हजार. विकून परत आलेले वजा करून चार लाखांच्या आसपास. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आकड्याखाली दोन रेघा मारल्या, बँकेतल्या माणसाला कळेल अशा, आणि वही माझ्यासमोर ठेवून चहा करायला गेली.

पुढच्या दोन वर्षांत नऊ विकल्या. विकताना प्रत्येकीतला दोष सांगितला, त्यामुळे भाव कमी आला. मंडळातले मित्र म्हणाले, याला काहीतरी झालंय. दोन राहिल्या, एक दाराजवळची आणि एक मिरजेची चकती बसवलेली. आईने हात ठेवलेलं खोकं ठेवलंय. तेवढं काही जात नाही.

जाहिराती मात्र अजून बघतो. लोक झोपताना रामरक्षा म्हणतात, मी ‘पुणे, वापरलेली, बेस गिटार’ असं टाकतो आणि खाली सरकवत राहतो.

आता शेवटचं. ऑक्टोबरमध्ये आपल्या खजिनदार मैत्रिणीने ग्रुपवर त्या चाळीस पानी वहीचा फोटो टाकला. ४१ नावं, समोर रक्कम, खाली ड्रॉइंगच्या सरांचे ५०. आणि लिहिलं, “मेळाव्याला गिटार घेऊन ये रे.” त्या निरोपाला सदतीस अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

मग मी काय केलं असेल? इचलकरंजीला एक लाल, कलकत्त्याची बेस गिटार विकायला होती. साडेचार हजार. सुट्टी टाकून गेलो. दुरून बघितली आणि छातीत धडधडलं. तोच लाल रंग, तसाच पांढरा पत्रा. उलटी केली. मागे काही नव्हतं. डोकं अगदी गुळगुळीत.

ती मी घेतली. घरी आणून रात्री टेबलावर ठेवली आणि मुलीची जुनी कंपासपेटी शोधून कर्कटक काढलं. ‘१० ब’. ‘ब’ ची गाठ थोडी बिघडवायची, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. टोक लाकडाला टेकवलं होतं. सदतीस जणांना आनंद झाला असता, आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. बराच वेळ तसाच बसलो. मग आतून खोकल्याचा आवाज आला आणि मी कर्कटक पेटीत ठेवलं. तेवढंच. त्याहून मोठं काही झालं नाही.

ती गिटार खाली गाडीच्या डिकीत आहे. ही चौथ्या रांगेत बसली आहे आणि तिला हे आत्ता समजतंय. मुख्याध्यापक सरांना माझी विनंती आहे की शाळेने ती ठेवून घ्यावी. पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन आहे असं ऐकलं. ही आपल्या वर्गणीची गिटार नाही, ती मी घालवली. तिसऱ्या रांगेतल्या मित्राचे दहा रुपये मी पाकिटात घालून आणले आहेत. तो घेणार नाही हे मला माहीत आहे, पण पेपर विकून मिळवलेले होते.

आणि सर, कृपा करून ती भोंग्याला लावू देऊ नका. तिला वेगळा ॲम्प लागेल. नवा घ्यायची काही गरज नाही, जयसिंगपूरला एक जण चांगला जुना विकतोय. साडेबारा सांगतोय, अकराला देईल.